समुपदेशकासमोर ‘हो जी’ म्हणण्याआधी

गावाकडचा माणूस समुपदेशकाकडे पहिल्यांदा येतो, तेव्हा तो बहुतेक वेळा दवाखान्यात आल्यासारखाच येतो. खुर्चीच्या कडेवर बसतो, दुपट्टा मांडीवर ठेवतो, विचारले तेवढेच सांगतो आणि जे सांगितले जाईल त्याला ‘हो जी’ म्हणतो. निघताना गोळी किंवा इंजेक्शन मिळाले नाही याची थोडी निराशा चेहऱ्यावर असते, आणि पुष्कळदा तो पुन्हा येत नाही. यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतल्या गावांमध्ये समुपदेशनाचे काम करताना हा ‘हो जी’ मी इतक्या वेळा ऐकला आहे की, आता तो ऐकला की मी थांबते आणि पुन्हा विचारते. त्या होकारात आदर असतो, संकोच असतो, चार वाजताची एसटी गाठण्याची घाई असते. पण सांगितलेले पटले आहे, असे त्यातून कळत नाही.

जे समुपदेशकाकडे जाण्याचा विचार करत आहेत, जे एकदा जाऊन थांबले आहेत आणि ज्यांच्या घरातले कोणी जाते आहे, अशा सर्वांसाठी हा लेख आहे. समुपदेशन हे दोघांनी मिळून करायचे काम आहे. त्यामुळे न पटलेले, न जमलेले आणि न समजलेले समुपदेशकापर्यंत पोहोचवणे हा उपचाराचाच भाग आहे. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

हे दोघांचे काम का आहे

तापाची गोळी घेणाऱ्याचा तिच्यावर विश्वास असो वा नसो, ती पुष्कळ अंशी आपले काम करते. समुपदेशनात तसे होत नाही, कारण तिथे बदल घडवायचा असतो तो त्या माणसाच्या रोजच्या जगण्यात, आणि त्या जगण्याची माहिती फक्त त्याच्याकडे असते. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले: कुठे पोहोचायचे याबद्दल दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे याबद्दल एकमत, आणि एकमेकांविषयीचा विश्वास. त्यानंतर या विषयावर जगभर पुष्कळ अभ्यास झाले. त्यांपैकी २९५ अभ्यासांचा, म्हणजे ३० हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीचा, एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नाते जितके चांगले जुळते, तितका उपचाराचा परिणाम चांगला होण्याकडे कल असतो, असे त्यात दिसले. हा संबंध मध्यम स्वरूपाचा आहे, त्याला जादू समजू नये. मात्र उपचाराची पद्धत कोणतीही असली तरी तो आढळतो.

नैराश्याच्या उपचारात मोठी भर घालणारे आरोन बेक यांनी आपल्या पद्धतीच्या केंद्रस्थानी दोघांनी मिळून केलेली पडताळणी ठेवली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून वापरण्यापूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. दुकानदार काय म्हणाला किंवा शेजाऱ्याला काय वाटते, यावर पेरणी अवलंबून ठेवत नाही. ‘माझ्यामुळेच घर बुडाले’ हा विचारही असाच तपासता येतो. तपासताना दाणे तुमचे असतात, मोजण्याची रीत समुपदेशकाची असते, आणि दाणे लपवून ठेवले तर मोजणीला अर्थ राहत नाही.

पहिली पायरी: जाण्यापूर्वीची तयारी

कोणाकडे काय मिळते, हे आधी माहीत असावे. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध तेच लिहून देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यातून होणारा उपचार करतात व त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक आणि मनोविकार क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते बोलणे, मार्गदर्शन, घरच्यांशी संवाद आणि पाठपुरावा पाहतात. आपल्याला यांपैकी कोण भेटणार आहे, हे केसपेपर काढतानाच विचारावे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून सुरू झाला. त्याचे पथक जिल्हा रुग्णालयात असते आणि ठरलेल्या दिवशी ग्रामीण भागातही जाते. आपल्या भागातला दिवस आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारल्यास कळतो. शेतकरी आत्महत्या अधिक असलेल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्याचा ‘प्रेरणा’ हा समुपदेशनाचा प्रकल्प आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय येथेही मनोविकार विभागाची सेवा मिळते. प्रवास शक्य नसेल, तर टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते आणि मराठीतून बोलता येते.

मदत गावाजवळ आणली तर माणसे येतात, याचा पुरावा आपल्याच भागात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. नैराश्य असलेल्या लोकांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण तिथे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे दारापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न सुटू शकतो. दाराच्या आत गेल्यावर टिकून राहण्यासाठी मात्र दोन्हीकडून प्रयत्न लागतात.

जाण्यापूर्वी चार गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात: काय होते, कधीपासून होते, कशाने वाढते आणि कशाने थोडे तरी हलके वाटते. तारीख आठवत नसेल, तर पोळ्याच्या आधी की नंतर, सोयाबीन घरी आले तेव्हा की तूर कापताना, अशा खुणांनी सांगावे; समुपदेशकाला ते तितकेच उपयोगी पडते. आणि हे सांगताना आपले शब्द सोडू नयेत. ‘मला नैराश्य आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला समजले, आणि पुढचे प्रश्न राहून जातात. ‘मले गमत नाही’, ‘वावरात जाऊ वाटत नाही’, ‘रातच्याले जीव घाबरते’, ‘डोकं जड होते’ या वाक्यांमध्ये वेळ, जागा आणि शरीर हे सारे येते. शहरातून आलेल्या मॅडमसमोर वऱ्हाडीत बोलायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही बोलावे, एखादा शब्द त्यांना कळला नाही, तर त्या विचारतील, आणि विचारणे हे त्यांचे कामच आहे.

दुसरी पायरी: पहिली भेट

पहिल्या भेटीत प्रश्न फक्त समोरच्याने विचारायचे असतात, ही समजूत सोडून द्यावी. तुमचे शिक्षण काय आहे, साधारण किती वेळा यावे लागेल, एका वेळी किती वेळ मिळेल, खर्च येईल का, मी सांगितलेले कोणाकोणाला कळेल, हे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. खासगी ठिकाणी एका भेटीसाठी पाऊण तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ मिळतो. सरकारी बाह्यरुग्ण विभागात रांग मोठी असली की तो बराच कमी होतो. वेळ कमी आहे हे आधी कळले, तर सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगता येते. माझा अनुभव असा आहे की, खरी गोष्ट दाराच्या कडीला हात लागल्यावर बाहेर येते, आणि तोपर्यंत पुढचा रुग्ण आत आलेला असतो.

गोपनीयतेबद्दल स्पष्टच विचारावे. लहान गावात ही भीती खरी आहे. आशाताई कोणाची तरी वहिनी असते आणि शिपाई कोणाचा तरी साळा असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे. त्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर ती माहिती जपण्याचे बंधन घातले आहे. त्याला अपवादही आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. हे अपवाद समुपदेशकाने पहिल्याच भेटीत सांगायला हवेत. सांगितले नाहीत, तर आपण विचारावे.

सोबत आलेल्या माणसाचा प्रश्न नाजूक असतो. सासू सुनेला घेऊन येते, मोठा भाऊ धाकट्याला घेऊन येतो, आणि सगळे बोलणे तेच करतात. त्यांची माहिती मोलाची असते, त्यांना तुटक वागवू नये; पण काही वेळ एकटीने किंवा एकट्याने बोलायला मिळावा, अशी मागणी करावी. स्वतःला म्हणता येत नसेल, तर आत जाण्यापूर्वी नर्सताईंच्या कानावर घालावे. समुपदेशक मग ‘आमच्याकडे सगळ्यांशीच थोडे वेगळे बोलण्याची पद्धत आहे’ असे सांगून ती वेळ काढून देऊ शकतात.

तिसरी पायरी: ध्येय दोघांनी ठरवणे

‘टेन्शन गेलं पाहिजे’ हे ध्येय म्हणून पुरेसे नाही. टेन्शन गेले हे कोणाला आणि कशावरून कळणार, हे त्यात नाही. ‘टेन्शन कमी झाले, तर तुमच्या दिवसात काय वेगळे दिसेल?’ असा प्रश्न समुपदेशक विचारतील. त्याचे उत्तर घाईने देऊ नये. एका शेतकऱ्याने बराच वेळ गप्प राहून सांगितले होते की, सकाळी पानठेल्यावर जाऊन चार माणसांत बसता येईल. कर्ज झाल्यापासून तो त्या रस्त्याने जात नव्हता आणि वावरात जायलाही मागची पांदण धरत होता. हे ऐकल्यावर आम्हाला दोघांनाही काम कुठे आहे ते दिसले. तोपर्यंत मी झोपेबद्दल बोलत होते, कारण त्याच्या केसपेपरवर झोपेची तक्रार लिहिलेली होती.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. कर्ज, नापिकी, कापसाला न मिळालेला भाव, सावकाराचा तगादा या गोष्टी समुपदेशनाने मिटत नाहीत, आणि त्या मिटतील असा आव कोणी आणू नये. या परिस्थितीत येणारी घालमेल हा त्या माणसाच्या मनाचा दोष नसतो. अशा वेळी कागदावर दोन रकाने करावेत. ज्यावर आपण या महिन्यात काही करू शकतो ते एका बाजूला लिहावे: बँकेत जाऊन पीककर्जाच्या पुनर्गठनाबद्दल विचारणे, विम्याची कागदपत्रे पूर्ण करणे, भावाला खरी रक्कम सांगणे. पाऊस, बाजारभाव, इतरांचे बोलणे हे दुसऱ्या बाजूला लिहावे. पहिल्या रकान्यातले एकच काम निवडून त्याचे तुकडे पाडायचे, आणि दुसऱ्या रकान्यातल्या गोष्टींमुळे जो त्रास होतो तो सोसण्यासाठी आधार उभा करायचा. एखाद्या समुपदेशकाने तुमच्या कर्जाची गोष्ट ऐकून लगेच ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगितले, तर ‘माझी अडचण आधी पूर्ण ऐकून घ्या’ असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

ध्येय घरच्यांचे आणि उपचार दुसऱ्याचा, अशी गाठ दारूच्या बाबतीत नेहमी पडते. बायको आणि आई मिळून माणसाला आणतात आणि म्हणतात, याची दारू सोडवा. तो खाली मान घालून बसतो आणि सगळ्याला ‘हो जी’ म्हणतो. विल्यम मिलर यांनी १९८३ पासून मांडलेल्या प्रेरणा जागवणाऱ्या संवादाच्या पद्धतीत अशा माणसाला उपदेश न करता त्याला स्वतःला काय हवे आहे, हे आधी विचारतात. कधी त्याला झोप हवी असते, कधी मुलीच्या लग्नाआधी लोकांत पत परत हवी असते, आणि दारूची गोष्ट तिथून आपोआप निघते. त्यामुळे घरच्यांनी पहिल्या भेटीतच शपथ मागू नये. जो रोज भरपूर पितो, त्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नये. त्यातून झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते.

चौथी पायरी: काम हंगाम पाहून ठरवणे

बहुतेक उपचारपद्धतींमध्ये दोन भेटींच्या मध्ये करायचे काही काम असते. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि सोडल्यामुळे अधिक खचतो; म्हणून सोडलेल्या गोष्टी लहान मापाने परत सुरू करणे हा उपचाराचा एक चांगला तपासलेला मार्ग आहे. गोव्यात प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी, जे डॉक्टर नव्हते, सहा ते आठ भेटींमध्ये या मार्गाने तीव्र नैराश्य असलेल्या लोकांना मदत केली, आणि त्या कामाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण काम कोणते, कधी आणि किती, हे दोघांनी मिळूनच ठरवायला हवे. माझी एक चूक मला आजही खुपते. दिवाळीनंतरच्या दिवसांत आलेल्या एका ताईंना मी रोज सकाळी अर्धा तास चालायला सांगितले होते. त्या ‘हो मॅडम’ म्हणाल्या. कापूस वेचणीचे ते दिवस. पहाटे स्वयंपाक उरकून त्या दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जात होत्या आणि दिवसभर वाकून, चालून संध्याकाळी परत येत होत्या. त्यांना चालण्याची नव्हे, बसण्याची गरज होती. त्या परत आल्या नाहीत, आणि त्यांनी मला चूक दाखवावी अशी जागा मीच ठेवली नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी आपला दिवस उठल्यापासून निजेपर्यंत सांगावा. मृगाच्या पेरणीचे दिवस, सोयाबीन सोंगणीचे दिवस, वेचणीचा काळ आणि उन्हाळ्यातले रिकामे महिने यांत एकच काम चालत नाही. पेरणीच्या आठवड्यात फक्त एक गोष्ट पुरे, जसे की दुपारची भाकर एकट्याने न खाता धुऱ्यावर कोणासोबत तरी खाणे. काम इतके लहान असावे की, वाईटातल्या वाईट दिवशीही त्यातले थोडे होईल. घरी जाण्यापूर्वी ते आपल्या शब्दांत समुपदेशकाला परत सांगावे, आणि आड काय येऊ शकते तेही तेव्हाच बोलून घ्यावे.

नोंद ठेवण्यासाठी लिहिता यायलाच हवे असे नाही. आम्ही रिकाम्या डब्यांचा उपयोग करतो. झोप बरी लागली, तर सकाळी एका डब्यात तुरीचा दाणा टाकायचा, नाही लागली तर दुसऱ्या डब्यात. पुढच्या भेटीला डबे आणायचे आणि दाणे दोघांनी मिळून मोजायचे. ‘काहीच फरक नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या डब्यात दोन आठवड्यांत सहा दाणे निघतात, तेव्हा बोलण्याला वेगळी सुरुवात मिळते.

पाचवी पायरी: ‘नाही’ म्हणणे

ही पायरी सर्वांत अवघड आहे, म्हणून इथे थोडे थांबू. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला, सरकारी माणसाला आणि वयाने मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. तलाठी असो, बँकेचा साहेब असो की डॉक्टर, मान डोलवून बाहेर पडायचे आणि मग जे जमेल ते करायचे, ही रीत माणसाने स्वतःला सांभाळण्यासाठीच शिकलेली असते. समुपदेशकाच्या खोलीत मात्र या रीतीने तोटा तुमचाच होतो, कारण होकार ऐकून समुपदेशक त्याच दिशेने पुढे जातात.

नाही म्हणण्याची वाक्ये आधीपासून तयार ठेवली तर सोपे जाते. ‘तुम्ही सांगतलं ते मले जमलं नाही.’ ‘हे मले पटलं नाही जी.’ ‘समजलं नाही, पुन्हा एकडाव सांगा.’ ‘या गोष्टीवर मले आज बोलू वाटत नाही.’ ‘मांगच्या वेळी तुम्ही जे बोलले नं, ते मले लागलं.’ यांतले एकही वाक्य अपमानाचे नाही. तोंडाने निघत नसेल, तर लेकराकडून चिठ्ठीवर लिहून आणावे आणि बसल्याबसल्या पुढे करावे. फक्त त्या चिठ्ठीत लेकराला कळू नये असे काही नसावे.

शेवटचे वाक्य, म्हणजे ‘ते मले लागलं’, सर्वांत मोलाचे आहे. एखादा शब्द खटकतो, समुपदेशक घड्याळाकडे पाहतात, फोन घेतात, नवऱ्याच्या बाजूने बोलल्यासारखे वाटते, आणि नात्याला तडा जातो. जेरेमी सॅफ्रन आणि ख्रिस्तोफर म्युरन या संशोधकांनी अशा तड्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी दोन प्रकार वर्णन केले: काही माणसे आतल्या आत मागे सरतात, गप्प होतात, वरवर हो म्हणतात, काही समोरासमोर रागावतात. आपल्याकडे पहिला प्रकार अधिक, असे मला माझ्या कामातून वाटते, आणि तो ओळखायला कठीण असतो. तडा पडणे नेहमीचेच आहे. तो बोलून सांधला गेला, तर उपचाराला हानी होत नाही; उलट, दुखावल्यावर बोलता येते आणि बोलल्यावर नाते तुटत नाही, हा अनुभव काही जणांना आयुष्यात प्रथमच मिळतो. ज्या सुनेला घरात एकही तक्रार करता येत नाही, तिच्यासाठी समुपदेशकाला ‘तुमचं चुकलं’ असे सांगून घरी सुखरूप परतणे ही लहान गोष्ट नाही.

यावर चांगला समुपदेशक काय करतो, हेही माहीत असावे. तो स्वतःचा बचाव करत बसत नाही. काय लागले ते विचारतो, चूक असेल तर मान्य करतो आणि पुढे काय बदलायचे ते ठरवतो. तो तुम्हाला गप्प करू लागला, घरच्यांना सांगण्याची भीती घालू लागला, पैशांचा व्यवहार करू लागला, अंगचटीला येऊ लागला किंवा खोलीबाहेर एकटे भेटायला बोलावू लागला, तर ते नाते सांधण्याचे काम तुमचे नाही. तिथे जाणे थांबवावे, विश्वासातल्या माणसाला सांगावे आणि रुग्णालयाच्या प्रमुखांकडे तक्रार करावी.

न जमलेले काम लपवण्यासाठी भेट टाळणे, हाही ‘हो जी’चाच एक प्रकार आहे. काम झाले नसेल, तरी जावे. का झाले नाही, या चर्चेतून पुष्कळदा काम झाले असते त्याहून अधिक कळते.

सहावी पायरी: मधूनमधून मोजणे

आपण बरे होत आहोत की नाही, हे अंदाजावर सोडू नये. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. मागच्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला, यावर ० ते ३ गुण असतात आणि एकूण गुण ० ते २७ होतात. मराठीत ती वाचून दाखवता येते. तीन-चार भेटींनंतर तीच प्रश्नावली पुन्हा भरावी. ५ गुणांची घट जाणवण्याजोगी मानतात. गुण अजिबात हलत नसतील, तर ध्येय, काम की नाते, यांपैकी कुठे अडले आहे हे दोघांनी पाहावे आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचे का, हेही ठरवावे. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचे उत्तर खरे द्यावे.

औषध, घर आणि देवस्थान

औषध सुरू असेल, तर समुपदेशकाला दाखवावे आणि समुपदेशन सुरू असल्याचे डॉक्टरांना सांगावे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्याआधीच मळमळ किंवा सुस्ती जाणवली म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

घरच्यांपैकी एका माणसाला, ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे त्याला, काम काय ठरले आहे ते सांगावे. त्याने पहारा करायचा नाही. वेळ काढून द्यायचा आणि टोमणे थांबवायचे.

देवाला किंवा बाबांकडे जात असाल, तर तेही लपवू नये. ज्या दर्शनाने मन शांत होते, ते चालू ठेवून उपचार करता येतो. मारहाण, चटके, साखळीने बांधणे किंवा अन्नपाणी तोडणे मात्र उपचार नाही. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

जेव्हा वाट पाहायची नसते

जीव नकोसा झाला असेल, मरणाचे विचार वारंवार येत असतील, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. १४४१६ वर फोन करावा, जवळच्या माणसाला सोबत घेऊन रुग्णालयात जावे. हे बोलल्याने पोलीस लागतील, अशी भीती अनेकांना असते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

शांत वेळी समुपदेशकासोबत बसून एक कागद तयार करावा: त्रास वाढतो आहे हे कोणत्या खुणांवरून कळते, त्या वेळी मी काय करतो, कोणाकडे जाऊन बसतो, कोणाला फोन करतो. घरातली फवारणीची औषधे दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात आणि शक्यतो दुसऱ्या घरी ठेवण्याचे त्यातच ठरवावे. तीव्र ओढीचा काळ अनेकदा थोडा असतो, आणि त्या काळात हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असते. अर्धवट भरलेल्या डब्यांचाही यात समावेश करावा. कोणी औषध घेतलेच, तर ते कितीही थोडे असले तरी डबा सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

बदल आणि निरोप

तीन-चार भेटी होऊन, मोकळेपणाने बोलूनही जुळत नसेल, तर दुसऱ्या समुपदेशकाची मागणी करता येते. तालुक्याच्या ठिकाणी एकच समुपदेशक असेल, तर फोनवरची सेवा किंवा जिल्ह्याचे ठिकाण हा पर्याय राहतो. न सांगता थांबण्यापेक्षा एकदा येऊन ‘मले दुसरीकडे जायचं आहे’ असे सांगितले, तर आतापर्यंतची माहिती लिहून देता येते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही. आपल्या उपचाराच्या नोंदी मिळवण्याचा हक्कही कायद्याने दिलेला आहे.

बरे वाटू लागले की भेटींमधले अंतर दोघांच्या विचाराने वाढवावे: आधी पंधरा दिवस, मग महिना. शेवटच्या भेटीत पुढच्या वर्षातले कठीण दिवस आधीच हेरून ठेवावेत. आपल्याकडे ते बहुधा ठरलेले असतात: मार्चअखेर बँकेची नोटीस, जूनमध्ये बियाणे आणि लेकरांच्या शाळेचा खर्च एकाच वेळी, ऑगस्टमध्ये पावसाचा खंड, घरातल्या गेलेल्या माणसाचे वर्षश्राद्ध. त्यांपैकी जो दिवस सर्वांत जड वाटतो, त्याच्या आठवडाभर आधीची एक भेट तेव्हाच नोंदवून ठेवावी. मध्येच त्रास वाढला, तर तारीख नसली तरी यावे, आणि जुना केसपेपर हरवला असला तरीही यावे. नवा काढता येतो.